दुसऱ्या फेरीचा धूर

४ ऑगस्ट

प्रिय ताई,

छापखान्यावरच्या आपल्या दोन खोल्यांकडे जाणारा जिना आठवतो का तुला? एकोणीस पायऱ्या, त्यातली सातवी तुटकी. आभाळ भरून आलं की आई आपल्याला घरात बोलवायची आणि आपण नेमक्या जिन्यात जाऊन बसायचो. वीज चमकली की तू सगळ्यात वरच्या पायरीवरून सेकंदाला एक अशी उतरायला लागायचीस आणि गडगडाट ऐकू आला की असशील तिथे थांबायचीस. तीन पायऱ्यांचा एक किलोमीटर. "नऊ झाल्या गं! तीन किलोमीटरवर पडली!" असं तू खालून ओरडायचीस. मी वर कानांत बोटं घालून बसलेली. तू अकरा वर्षांची, मी सहा.

एकदा मी विचारलं होतं, "वीज आधी होते, मग नंतर आवाज कोण करतं?" तू हसली नाहीस. शेजारी येऊन बसलीस, माझी सुटलेली वेणी घालता घालता म्हणालीस, "कोणी करत नाही, वेडे. दोन्ही एकदमच होतात. उजेड लगेच पोचतो, आवाज बिचारा वाटेत असतो. तू ऐकतेस तेव्हा तिकडे सगळं होऊन गेलेलं असतं." कॉन्व्हेंटमधल्या विज्ञानाच्या सिस्टरनी तुम्हाला त्याच आठवड्यात शिकवलं होतं ते. पुढे पाच वर्षांनी त्यांनीच मला शिकवलं तेव्हा मी ऐटीत म्हणाले, "मला माहीत आहे, माझ्या ताईने सांगितलंय."

इतक्या वर्षांनी पत्र आणि सुरुवात जिन्यापासून, म्हणून तुला बरं वाटलं असेल. वाटू दे.

तुझ्या लेकीचा फोन आला होता. गोड बोलते, तुझ्यासारखी. सात सप्टेंबरला तुझा सत्कार आहे म्हणाली. बेचाळीस वर्षं मैदानावर वेळ मोजणारी पहिली बाई, म्हणून. त्या निमित्ताने पुस्तक निघतंय, त्याचं नाव 'बिनचूक'. "मावशी, तुमच्यात काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही, पण तू आईवर दोन पानं लिहिशील का? लहानपणची आठवण चालेल." मी म्हटलं, लिहीन की. आवडीने लिहीन.

लिहायला बसले आहे. छापायला देण्याआधी तुला दाखवावं म्हटलं. सोबत एका फोटोची प्रत ठेवली आहे. चष्मा लावून बघ. आधी लांबचं बघ, मग जवळचं.

तुझी,
धाकटी


१३ ऑगस्ट

ताई,

पाच वेळा फोन केलास, मी उचलला नाही. चव्वेचाळीस वर्षं बोललो नाही, आता घाई कसली? बाबांच्या शेवटच्या आठवड्यात एका पलंगाच्या दोन बाजूंना बसलो होतो, तेव्हाही तू मला "पाणी दे" एवढंच म्हणाली होतीस.

तुला फोटो कळला. नसता कळला तर पाच वेळा फोन आला नसता. तरी सांगते, कारण दोन पानांत हेच लिहिणार आहे आणि माझ्याकडून एकही गोष्ट चुकीची छापली जायला नको. पुस्तकाचं नाव 'बिनचूक' आहे.

जिल्ह्याच्या निवडीचा दिवस. मी सतरा वर्षांची. शंभर मीटरला मुली जास्त आणि धावायचे पट्टे सहाच, म्हणून दोन फेऱ्या झाल्या. दोन्हींत मिळून जिची वेळ सगळ्यात कमी, ती एकटी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. प्रत्येक क्रमांकाला एकच घड्याळ, आणि पहिल्या क्रमांकाचं तुझ्या हातात. तू पंचांची परीक्षा पास होऊन जेमतेम महिना झाला होता. मी पहिल्या फेरीत पहिली आले. तू घड्याळ दाखवलंस: बारा पूर्णांक नऊ. तुझे डोळे भरले होते, तेही मला आठवतं. मी वाईट तेवढंच लक्षात ठेवलंय असं समजू नकोस.

मग मी पाणी पिऊन शेवटच्या रेषेजवळच्या तुमच्या लाकडी मंचाच्या खालच्या पायरीवर, तुझ्या पायाशी बसले. दुसऱ्या फेरीत काडी होती. आपली काडी, गल्लीच्या टोकाच्या धोब्याची मुलगी. नुसती हाडं आणि पाय.

घरी मला हजार वेळा समजावून सांगितलं होतंस, घड्याळवाल्याने पिस्तुलाचा आवाज ऐकायचाच नसतो. पिस्तूल शंभर मीटर लांब, आवाज तुझ्यापर्यंत यायला जवळजवळ तीन दशांश सेकंद लागतात. म्हणून मागे काळी फळी उभी करतात आणि त्यावर धूर दिसला की बटण दाबायचं. आवाजावर दाबलं, तर धावणाऱ्याला तीन दशांश फुकट मिळतात. आणि धूर हुकलाच, तर लगेच हात वर करून सांगायचं, माझं घड्याळ बाद. मग फेरी पुन्हा. "एवढंच तर काम आहे आमचं," तू म्हणायचीस, "डोळे उघडे आणि कान बंद."

मी धूर पाहिला. कापसाच्या बोळ्यासारखा पांढरा. मग वर तुझ्या हाताकडे पाहिलं. अंगठा हवेत होता. मग आवाज आला आणि अंगठा खाली गेला.

काडीची वेळ बारा पूर्णांक सात लागली.

घरी येऊन मी सांगितलं. तू मला थप्पड मारलीस. बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "हरलीस तर हरलीस. सख्ख्या बहिणीकडे बोट दाखवायचं नाही." आई पोळ्या लाटत राहिली. मला वाटू लागलं, खरंच माझे डोळे फिरले असतील. तीन दशांश म्हणजे असतं केवढं? डोळ्याची पापणी लवते तेवढं.

पुढे मी शाळेत विज्ञान शिकवलं हे तुला माहीत आहे. आठवीला प्रकाश आणि ध्वनी. सत्तावीस वर्षं दर वार्षिक परीक्षेत एक प्रश्न माझा ठरलेला: 'शर्यतीत वेळ मोजणाऱ्याने पिस्तुलाच्या आवाजावर घड्याळ सुरू केले तर काय होईल? सकारण लिहा. तीन गुण.' ताई, हजारो मुलांनी तुझा गुन्हा निळ्या शाईने लिहून दिला आहे मला. हुशार मुलांनी तर आकृतीसकट.

आणि आता फोटो. कॉन्व्हेंटची जुनी प्रयोगशाळा बंद केली तेव्हा सिस्टरच्या कपाटातलं खोकं त्यांनी माझ्याकडे पाठवलं. सिस्टरना त्या दिवशी वर्गात दाखवायला धुराचा फोटो हवा होता. त्या मंचाच्या मागे उभ्या होत्या. लांब काळ्या फळीवर धूर फुलला आहे. मुली उठल्या आहेत, काडीचे हात जमिनीवरून सुटले आहेत. अलीकडे तुझा हात, आणि अंगठा हवेत. कोपऱ्यात माझी अर्धी वेणी. मागे पेन्सिलीने तारीख आणि 'दुसरी फेरी'. सिस्टरचं अक्षर, मोत्यासारखं.

फोटोत आवाज येत नाही. म्हणूनच तो इतका स्पष्ट आहे.

धाकटी


२१ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र मिळालं. आठ पानं. समास आखून लिहिलंस, सिस्टरना आनंद झाला असता.

नाकारलं नाहीस, हे बरं केलंस. मी त्याचीही तयारी ठेवली होती.

लिहितेस, तुझ्या मागे मुख्य पंच उभे होते. ते मिशीवाले. सकाळपासून म्हणत होते, "बाईच्या हातात घड्याळ म्हणजे आज मैदानावर दूध उतू जाणार." तू क्षणभर मान वळवून त्यांना काहीतरी उत्तर दिलंस आणि तेवढ्यात धूर गेला. पटलं मला. त्या माणसाला मीही उत्तर दिलं असतं.

पुढे लिहितेस, "तू माझी बहीण होतीस म्हणूनच मला हात वर करता आला नाही. वर केला असता तर सगळं मैदान म्हणालं असतं, बहिणीला पुढे काढायला काडीची वेळ बाद केली." हेही पटलं. तुझी काही गोष्ट पटू नये अशी माझी फार इच्छा होती, पण हे पटलं आणि त्यामुळे राग दुप्पट झाला. म्हणजे दुसऱ्या कोणाची बहीण असते तर मला न्याय मिळाला असता! फेरी पुन्हा झाली असती. काडी पुन्हा धावली असती, कदाचित जिंकलीही असती. त्या हरण्यावर मी सुखाने झोपले असते.

आणि थप्पड? मैदानावर हात वर करायला जमलं नाही, घरी बरोबर जमलं.

लिहितेस, "तेव्हापासून एकदाही धूर चुकवला नाही." माहीत आहे. सगळेच सांगतात. चुकणार कशी, तुला प्रत्येक शर्यतीत ती दुसरी फेरी दिसत असणार. माझ्या हरण्यावर तू बिनचूक झालीस, आणि आता त्याचं पुस्तक निघतंय.

तुला काय हवंय, असं विचारलंस. सांगते. सात तारखेला व्यासपीठावर तू भाषण करशील. त्यात हे सांगायचं. 'एकदा माझ्या हातून चूक झाली' असं गुळमुळीत नको. तारीख, फेरी, बारा-सात, बारा-नऊ, आणि माझं लग्नाआधीचं पूर्ण नाव. नाहीतर माझी दोन पानं फोटोसकट छापायला जातील. संपादक सहा तारखेपर्यंत थांबायला तयार आहेत. तुझ्या कौतुकाचं काहीतरी खास येतंय, अशी त्या बिचाऱ्यांची समजूत आहे.

धाकटी

ता. क. सत्काराच्या दिवशी आजारी पडू नकोस. मी डॉक्टर घेऊन येईन.


२९ ऑगस्ट

ताई,

हे पत्र लिहायला तीन दिवस लागले.

मी काडीकडे गेले होते. मला तिला घेऊन यायचं होतं, पहिल्या रांगेत तुझ्या समोर बसवायला. म्हटलं, तू बोलताना एका बाजूला मी दिसेन, एका बाजूला ती.

तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. एक शिलाई मशीन, एक इस्त्री, भिंतीवर लटकलेल्या दुसऱ्यांच्या पँटी. गुडघे गेलेत तिचे. मला लगेच ओळखलं. "ये गं, बस. ते जाकीट खाली ठेव, वकिलाचं आहे, पोट वाढलंय त्याचं." मशीन चालूच. मी फोटो समोर ठेवला आणि सांगितलं सगळं. मशीन थांबलं.

"किती म्हणालीस?"

"तीन दशांश."

"म्हणजे मी बारा-सात नाही."

"नाही. तेरा."

"पण राष्ट्रीयला मी तेराच धावले होते. पुढच्या वर्षीही तेरा. एकदा तेरा-एक." ती बोटांवर मोजत होती. "म्हणजे मी हळू झालेच नाही कधी?"

ताई, तुला आणि मला हे कधी सुचलंच नाही. आपल्याला वाटलं, तिला काहीतरी मिळालं. तिला काय मिळालं ते ऐक. निवड होऊन ती संघात गेली, आणि तिथल्या प्रशिक्षकांच्या कागदावर बारा-सात लिहिलेलं. ती तेरा धावली की ते म्हणायचे, कामचुकारपणा करतेस. पहाटे दोन तास जास्त, मग तीन. पायाला सूज असताना धावली. "घरी जाऊन काय खातेस? कोणाच्या नादाला लागलीस?" सगळ्यांसमोर विचारायचे. दोन वर्षांनी त्यांनी तिला काढलं, आणि शेऱ्यात लिहिलं, 'गुण असून मेहनतीची तयारी नाही.' आजवर ती तेच मानत आली. मुलांनाही तेच सांगितलं, माझ्यासारखा आळस करू नका. कधी धावलीच नव्हती त्या वेळेच्या मागे ती गुडघे जाईपर्यंत धावली.

इथे थांबले असते तर हे पत्र लिहायला सोपं होतं. सगळं तुझ्याच माथ्यावर होतं.

पण मग तिने मान वर करून विचारलं, "तू त्या दिवशीच पाहिलं होतंस?"

मी हो म्हटलं.

"मग बसथांब्यावर?"

तुला बसथांबा माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. तिला काढलं त्या आठवड्यात ती मला थांब्यावर भेटली होती. रडून डोळे सुजलेले. माझा दंड धरून म्हणाली होती, "तू तर तिथेच होतीस. खरं सांग, मी बारा-सात धावले होते ना? मग आता काय होतंय मला?" आणि मी, कॉन्व्हेंटची मुलगी, रोज सकाळी प्रार्थनेत खरं बोलायची शपथ घेतलेली, म्हणाले, "धावली होतीस. आता सराव कमी पडत असेल."

मला बरं वाटलं होतं, ताई. ते लिहूनच टाकते. ती रडत होती आणि मला आतून गार वाटत होतं, तहान भागल्यासारखं. माझी जागा घेतलीस ना, आता भोग. तुझ्यावर सूड घेता येत नव्हता, तो मी तिच्यावर घेतला. तिला एक वाक्य सांगितलं असतं, तर तिची चाळीस वर्षं वाचली असती.

काडी रडली नाही. हसली आणि म्हणाली, "बहिणी शोभता खऱ्या." मग वकिलाचं जाकीट उचललं आणि पाय मशीनवर ठेवला. मी फोटोकडे हात नेला, तर तिने तो कात्रीखाली सरकवला.

"हा राहू दे. आणि त्या पुस्तकात लिहिणार आहेस ना? मग बसथांबा पण लिही. नाहीतर मी येऊन सांगीन."

मी दाराशी पोचल्यावर म्हणाली, "चहा विचारला नाही म्हणून राग मानू नकोस. मुद्दामच नाही विचारला."

धाकटी


३ सप्टेंबर

ताई,

काल तुझी लेक इथे येऊन गेली. माझी पत्रं यायला लागल्यापासून तू जेवत नाहीस म्हणाली, पत्रांत काय आहे ते मात्र तिला ठाऊक नाही. सत्कार नाकारणार आहेस, प्रकृतीचं कारण देऊन घरी बसणार आहेस. "मावशी, तिला सोड ना. ती सत्तरीला आलीय." मी म्हटलं, "सहासष्ट. तुझ्या आईच्या बाबतीत आकडे नीट सांगावेत." पोरीला हसू आलं आणि मग रडू आलं. मी तिला जवळ घेतलं. तुझ्यासारखीच नाक ओढत रडते. तिच्यावर माझा राग नाही. तुझ्यावर आहे, जिन्यातली तू आठवतेस म्हणून जास्तच आहे. परकी असतीस तर केव्हाच विसरले असते.

सोडणार नाही. माझ्या हातात असतं तरी सोडलं नसतं, आणि आता ते माझ्या हातात नाही. मूळ फोटो काडीकडे आहे. ती सात तारखेला येते आहे. मी गाडी करून तिला आणणार आहे. ती माझ्याशी वाटेत बोलेल असं नाही.

माझी दोन पानं आता तीन झाली आहेत. तिसऱ्यात बसथांबा आहे. तू जे बोलायचं ते बोललीस तरी आता ती छापली जाणार. पूर्वी म्हटलं होतं की तू बोलली नाहीस तरच छापायला देईन, तो शब्द मी मागे घेते. तुझ्यामागे लपून मला सुटता येणार नाही. एकाच पुस्तकात दोघी राहू. लहानपणी एका पांघरुणात मावायचो, इथेही मावू.

आता कोणाला काय द्यायचं ते लिहून घे.

तुझा सत्कार करणाऱ्या जिल्हा क्रीडा मंडळाच्या कार्यालयात जुनी नोंदवही आहे, मी पाहून आले. दुसऱ्या फेरीच्या ओळीवर बारा-सात आहे. त्यांना तुझ्या सहीचं पत्र द्यायचं, 'हे घड्याळ बाद होते.' काडीसमोर तेरा लिहू नका म्हणावं. ती वेळ कोणी मोजलीच नाही, मीही अंदाजच करते आहे. ओळ कोरी राहू दे. माझी बारा-नऊ मोजलेली आहे. ती पहिली लागेल. मला ती हवी आहे. मी मोठ्या मनाची नाही.

प्रशिक्षक अजून आहेत, त्र्याऐंशी वर्षांचे, मुलाकडे असतात. पत्ता मागे लिहिला आहे. त्यांना तुझ्या हातचं पत्र गेलं पाहिजे, टपालाने नाही, तू स्वतः नेऊन द्यायचं. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायचं. 'कामचुकार' या शब्दाचं काय करायचं ते त्यांना ठरवू दे. त्यांच्याकडून दोन ओळी घेऊन ये, त्या काडीच्या मुलांकडे जातील. मुलगा आणि मुलगी, दोघांना वेगवेगळी प्रत. आईचा आळस ऐकत मोठी झालीत ती.

काडीला काहीही द्यायला जाऊ नकोस. फूल नको, साडी नको, माफीही नको. तिने मागितलं तर द्यायचं. माझा भाग मी तिला देते आहे: रोज दुपारी जाऊन काजं करून देते. चार दिवस झाले, अजून चहा नाही.

लेकीला सात तारखेच्या आधी तू स्वतः सांग. दुसऱ्यांच्या टाळ्या थांबल्यावर तिला कळायला नको.

आणि मानचिन्ह. लेकीने मला छायाचित्र दाखवलं, चांदीचं घड्याळ आहे म्हणे, खाली 'बिनचूक' कोरलेलं. मंडळ परत घेणार नाही, मी विचारून पाहिलं. बोलून झाल्यावर तू ते मला द्यायला पुढे येशील, मी तुला ओळखते. देऊ नकोस. काडीलाही नको. कपाटात, पलंगाखाली, कुठेही लपवू नकोस. तुझ्या बैठकीच्या खोलीत, दारातून येणाऱ्याला पहिलं दिसेल अशा जागी ठेव. येणारा प्रत्येक जण विचारेल, हे कशाबद्दल मिळालं. दर वेळी पहिल्यापासून सांग.

तुझी,
धाकटी